बर्फाचे विरजण न लागलेले पाणी: शून्याखालीही पाणी द्रवरूप कसे ठेवावे

कोकणच्या किनाऱ्यावर बर्फ आपोआप कधी तयार होत नाही. तो येतो एकतर फ्रिजमधून, नाहीतर मासळीसाठी जेटीवर उतरणाऱ्या लाद्यांच्या रूपाने, आणि दोन्हीकडे तो आपल्याला आयता, घट्ट झालेलाच भेटतो. पाणी गोठण्याची क्रिया आपण प्रत्यक्ष पाहत नाही. म्हणूनच ‘पाणी शून्य अंशाला गोठते’ हे शाळेत पाठ केलेले वाक्य तपासून पाहावे असेही आपल्याला वाटत नाही. ते तपासले, तर निम्मेच खरे निघते. बर्फ शून्य अंश सेल्सिअसला वितळतो, यात फरक पडत नाही. मात्र पाणी शून्याला पोचले की गोठतेच, असे नाही. स्वच्छ पाणी स्वच्छ भांड्यात, धक्का न लावता थंड करत गेले, तर ते उणे पाच, उणे सात अंशांपर्यंत उतरूनही नितळ आणि वाहते राहते, आणि मग बर्फाचा एक कण पडताच डोळ्यांदेखत गोठते. या अवस्थेला अतिशीतन म्हणतात. हा प्रयोग वेंगुर्ल्याच्या दमट हवेत, जेटीवरचा बर्फ आणि खडे मीठ वापरून, पुन्हा पुन्हा करता येईल असा कसा बसवायचा, हे या लेखात सांगितले आहे.

पाणी कशाची वाट पाहते

दूध कितीही जपून कोमट ठेवले तरी विरजण लावल्याशिवाय त्याचे हवे तसे दही लागत नाही. पाण्याचेही गोठण्याच्या बाबतीत पुष्कळसे असेच आहे. बर्फ होण्यासाठी पाण्याच्या रेणूंना एका ठरावीक रचनेत बसावे लागते. शून्याखालच्या पाण्यात असे इवलेसे पुंजके सतत जमतात आणि सतत मोडतात, कारण पुंजका फार लहान असेल तर त्याचा पृष्ठभाग टिकवून धरण्याचा खर्च गोठण्यातून होणाऱ्या लाभापेक्षा जास्त पडतो. पुंजका एका विशिष्ट आकाराच्या पलीकडे गेला की हिशेब उलटतो आणि मग तो वाढतच जातो. धुळीचा कण, काचेवरचा ओरखडा, पुसायच्या फडक्याचा तंतू यांवर रेणूंना बसायला आयती जागा मिळते, आणि त्यामुळे हा अवघड टप्पा लवकर ओलांडला जातो. अशी कोणतीही जागा नसलेले, अगदी बारीक थेंबांतले शुद्ध पाणी सुमारे उणे ३८ अंशांपर्यंत द्रवरूप राहू शकते. आपल्या हातच्या साधनांनी तेवढे खाली जाता येणार नाही. उणे सहा ते उणे आठ हे आपले लक्ष्य धरावे.

ही गोष्ट नवी नाही. तापमापक घडवणाऱ्या फॅरेनहाइटने १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन केले. काचेच्या बंद गोळ्यातले पावसाचे पाणी रात्रभर कडाक्याच्या थंडीत राहूनही गोठले नव्हते. आणि आपल्याला हे दृश्य दूरचे वाटत असले, तरी दर पावसाळ्यात ते आपल्याच डोक्यावर घडत असते. मोसमी हवेत शून्य अंशाची पातळी जमिनीपासून सुमारे पाच ते सहा किलोमीटरवर असते आणि त्याहून उंच गेलेल्या ढगांत अतिशीत पाण्याचे असंख्य थेंब बर्फाचे बीज न मिळाल्यामुळे पाणीच राहिलेले असतात. ढगांवर सिल्व्हर आयोडाइड फवारण्यामागचा विचार हाच आहे: त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फाच्या ठेवणीशी इतकी मिळतीजुळती असते की ते थेंबांना विरजणासारखे लागते.

सामान

चार-पाच नव्या, ओरखडा नसलेल्या काचेच्या परीक्षानळ्या, साधारण १५ मिलिलिटर पाणी मावेल एवढ्या. जुन्या नळ्या घेऊ नयेत. वर्षानुवर्षे ब्रशने घासलेल्या नळीच्या आत डोळ्यांना न दिसणारे चरे असतात आणि पाणी नेमके तिथून गोठते. त्यांच्याबरोबर थर्माकोलची एक पेटी घ्यावी. मासळी पाठवण्याची चालेल, पण ती आधी साबणाने धुऊन उन्हात वाळवावी. तापमानासाठी तारेच्या टोकाला धातूची कांडी असलेला, फ्रिजमध्ये वापरतात तो डिजिटल थर्मामीटर घ्यावा. ताप मोजायचा थर्मामीटर येथे निरुपयोगी आहे, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बऱ्याच तापमापकांवरच्या खुणा उणे दहालाच संपतात.

पाण्याची निवड सगळ्यांत महत्त्वाची. जांभ्या दगडातून झिरपलेले विहिरीचे पाणी प्यायला कितीही गोड असले तरी या प्रयोगाला ते चालत नाही, कारण त्यात मातीचे बारीक कण असतात. ते उकळून घेतले तरी कण जात नाहीत. उलट क्षारांचा पांढरा साका धरून त्यांत नवी भर पडते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर गावोगावी मिळते. त्याचा नवा, न फोडलेला कॅन घ्यावा. प्रयोगानंतर ते पाणी मात्र कोणी पिऊ नये.

बर्फ तीन किलो आणि खडे मीठ एक किलो लागेल. १९३० साली जिथे मिठाचा सत्याग्रह झाला त्या शिरोड्याचे मिठागराचे मीठ आम्ही वापरतो, पण कोणतेही जाडे मीठ चालते. बर्फ आणताना लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून दांड्याने फोडावा. सुपारीएवढे तुकडे पुरेसे बारीक होत. हा बर्फ मासळीसाठी असतो, तेव्हा तो सरबतात जाणार नाही याची काळजी घ्यावी. मुले आजूबाजूला असतील तर हे आधीच बजावून सांगावे लागते.

नळी धुणे

मी हा प्रयोग पहिल्यांदा मुलांसमोर मांडला तेव्हा पाचपैकी चार नळ्या उणे दोन-तीन अंशांतच गोठल्या. मुले हिरमुसली. दोष पाण्यात नव्हता आणि थंडीतही नव्हता: नळ्या धुऊन झाल्यावर एका उत्साही विद्यार्थ्याने त्या आतून सुती फडक्याने कोरड्या केल्या होत्या, आणि भिंगातून पाहिल्यावर काचेला चिकटलेले तंतू स्पष्ट दिसले. पाचवी नळी फडके आत न गेल्यामुळे वाचली होती. तेव्हापासून आम्ही पुढील क्रम पाळतो. नळी भांड्यांच्या साबणाच्या पातळ पाण्याने हलवून धुवावी, नळाच्या पाण्याने सात-आठ वेळा खंगाळावी, मग डिस्टिल्ड वॉटरने तीन वेळा खंगाळावी आणि स्वच्छ स्टीलच्या चाळणीवर उपडी ठेवून निथळू द्यावी. आतून पुसू नये. पूर्ण वाळण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. आत राहिलेले थेंब त्याच पाण्याचे असतात.

नळीत १० मिलिलिटर पाणी घ्यावे. ओतताना कॅनचे तोंड नळीच्या काठाला घासू देऊ नये. नंतर तोंडावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म ताणून रबर लावावे. हे झाकण आपल्याकडे अत्यावश्यक आहे. किनाऱ्यावरच्या हवेत एवढे बाष्प असते की उघड्या, थंड नळीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीच्या वर काही मिनिटांत हिमाची पांढरी बुरशी धरते, तिचा एखादा कण खाली पडतो आणि सगळी मेहनत तिथेच संपते. कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेल्या कृतींत ही अडचण सहसा आलेली नसते.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे पाण्यावर तेलाचा अर्धा सेंटिमीटर थर सोडणे, कारण पाण्याचा हवेशी जिथे संबंध येतो तो पृष्ठभाग हीच गोठण्याची आवडती जागा असते. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये असेच तेलाने झाकलेले एक मिलिलिटर पाणी उणे २० अंशांवर १०० दिवस द्रवरूप ठेवून दाखवले. आपल्या घरात पहिल्यांदा हाताशी येते ते खोबरेल, पण ते घेऊ नये. ते २४ अंशांच्या आसपासच थिजते. औषधांच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन घ्यावे. ते थंडीत दाट होते, पण थिजत नाही. फक्त, बीज टाकून गोठण पाहायचे असेल तर तेलाचा थर आड येतो, म्हणून काही नळ्या तेलाच्या आणि काही बिनतेलाच्या ठेवाव्यात.

एक नळी वेगळी ठेवावी. तिच्यात तेवढेच, पण मिठाचे दाट पाणी भरावे आणि थर्मामीटरची कांडी तिच्यातच बुडवावी. हिला आम्ही साक्षीनळी म्हणतो. कांडी प्रयोगाच्या पाण्यातच बुडवली, तर तिचा धातूच बर्फाला बसायला जागा देतो. खारे पाणी मात्र न गोठता शेजारच्या नळ्यांइतकेच थंड होत जाते आणि त्यांचे तापमान कळवत राहते.

बर्फ आणि मीठ

मीठ घातल्यावर बर्फ अधिक थंड का होतो, हे एकदा नीट समजून घ्यावे, म्हणजे मिश्रण काबूत ठेवता येते. मिठाच्या संपर्कात बर्फ वितळतो, वितळायला लागणारी उष्णता तो मिश्रणातूनच खेचतो, आणि खारे पाणी शून्याला गोठत नसल्यामुळे तापमान खाली खाली जात राहते. मिठाचे प्रमाण वजनाने सुमारे २३ टक्के झाले की हा उतार उणे २१ अंशांवर थांबतो. १० टक्क्यांच्या खाऱ्या पाण्यासाठी ही मर्यादा उणे साडेसहाच्या आसपास असते आणि १५ टक्क्यांसाठी उणे अकराच्या आसपास. म्हणजे मीठ किती घालायचे यावरच थंडी ठरते.

बहुतेकांची चूक येथे होते. अधिक थंडी म्हणजे अधिक यश, असे वाटून ते सगळे मीठ एकदम ओततात. मिश्रण उणे अठरावर जाते, नळीच्या भिंतीलगतचे पाणी आतल्या पाण्याच्या फार पुढे निघून जाते आणि काचेवरच गोठू लागते. पेटीत बर्फाचा चार बोटे थर, त्यावर मूठभर मीठ, पुन्हा बर्फ, अशी रचना करावी, वाटीभर गार पाणी घालून लाकडी पळीने ढवळावे आणि तापमान पाहावे. ते उणे आठ ते उणे दहाच्या दरम्यान राहायला हवे. वर राहिले तर अर्धी मूठ मीठ वाढवावे, खाली गेले तर थोडा बर्फ आणि थोडे पाणी घालावे. तापमान पाचेक मिनिटे स्थिर राहिल्यावरच नळ्या आत उतरवाव्यात, त्याही घरातल्या फ्रिजमध्ये आधी गार केलेल्या. नळीतल्या पाण्याची पातळी बाहेरच्या मिश्रणाच्या पातळीशी समान किंवा किंचित वर ठेवावी, म्हणजे पाण्यावरची मोकळी काच फार थंड होत नाही आणि तिथे हिम धरत नाही.

या मिश्रणात हात घालून ठेवू नये. साधा बर्फ आणि मीठ लावलेला बर्फ यांत मोठा फरक आहे. दुसरा त्वचेला थोड्या वेळात भाजल्यासारखी इजा करतो, आणि बधिरपणामुळे ती होताना कळतही नाही.

आता वाट पाहायची. पंधरा ते वीस मिनिटे लागतात, पण घड्याळाऐवजी साक्षीनळीकडे लक्ष द्यावे. या वेळात पेटी हलवू नये, मिश्रण ढवळू नये, आणि ती ठेवली आहे त्या बाकावर कोणी बसू नये.

बीज टाकण्याचा क्षण

साक्षीनळी उणे सात दाखवू लागली की एक नळी हळूच वर उचलावी. पाणी काचेसारखे स्वच्छ असेल. फिल्म काढावी, आणि घरच्या फ्रिजमधल्या, मीठ न लागलेल्या बर्फाचा तांदळाएवढा कण चिमट्याने वरून सोडावा. मिठाच्या पेटीतला बर्फ वापरू नये, कारण त्याच्यावरचे खारे पाणी गोठणे मंदावते.

कण पाण्याला टेकताच त्याच्यापासून पांढऱ्या, पिसांसारख्या सुया खाली धावतात. एक सुई पुढे जाते, तिला दोन्ही बाजूंनी फांद्या फुटतात, त्या फांद्यांना आणखी फांद्या, आणि काही सेकंदांत ही जाळी तळाला पोचते. नळी उपडी केली तरी काही सांडत नाही. याच वेळी दुसऱ्या एखाद्या नळीत मुद्दाम कांडी बुडवून बीज टाकले, तर अधिक विलक्षण गोष्ट दिसते: गोठताना पाण्याचे तापमान वाढते. उणे सातवरचा आकडा भराभर चढत शून्यावर येतो आणि तिथे थांबतो.

हे का होते, याचा हिशेब सोपा आहे आणि तो मुलांकडून करून घ्यावा. एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ जूल उष्णता बाहेर टाकते, आणि एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ जूल लागतात. उणे सातवरून शून्यावर यायला ४.२ गुणिले ७, म्हणजे २९ जूल पुरतात. २९ ला ३३४ ने भागले तर उत्तर येते नऊ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे त्या क्षणी शंभरातले नऊच भाग पाणी गोठलेले असते. उरलेले एक्क्याण्णव भाग त्या नाजूक जाळीत अडकलेले पाणीच असते. नळी घट्ट दिसते, पण बोटाने दाबली तर आत लगदा लागतो. पूर्ण बर्फ हवा असेल तर ती पुन्हा मिश्रणात ठेवून उरलेली उष्णता काढून घ्यावी लागते, आणि त्याला बराच अधिक वेळ लागतो.

कॅनडातल्या लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्यावरच्या खोल खाड्यांत तळाला राहणारे काही मासे आयुष्यभर याच अवस्थेत जगतात. तिथले पाणी उणे १.७ अंशांच्या जवळ असते, तर त्यांचे रक्त उणे एकच्या आसपास गोठायला हवे. तळाशी बर्फ पोचत नाही म्हणून ते तरतात. बर्फाचा स्पर्श झाला तर ते गोठून मरतात. १९५७ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. आमच्याकडच्या एका रापणकर (किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरणाऱ्या) काकांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार करून विचारले, “मगे तेंका वर आणूचा कसा?” प्रश्न अगदी मर्मावर होता, कारण बर्फाच्या थरातून वर आणताना त्या माशांचे नेमके हेच होते.

फ्रीझरमधली बाटली

परीक्षानळ्या नसतील तर अर्ध्या लिटरच्या सीलबंद पाण्याच्या चार प्लॅस्टिक बाटल्या पुरतात. सील तोडू नये. त्या रात्रभर फ्रिजच्या खालच्या भागात गार कराव्यात, मग फ्रीझरमध्ये एकमेकींना न टेकवता आडव्या ठेवाव्यात. दीड तासानंतर दर दहा मिनिटांनी दार अलगद उघडून पाहावे. चारपैकी एक बाटली गोठली की उरलेल्या तिन्हींची वेळ आली असे समजावे, आणि त्या धक्का न देता बाहेर काढाव्यात. एक बाटली टेबलावर जोरात आपटली तर ती आतून पांढरी होत जाते. दुसरीतले पाणी ताटलीतल्या बर्फाच्या खड्यावर बारीक धारेने ओतले तर धारेखाली बर्फाचा मनोरा उभा राहतो. प्रत्येक फ्रीझरची वेळ निराळी असते, म्हणून पहिल्या दिवशी ती लिहून ठेवावी. वीज गेली आणि परत आली तर कॉम्प्रेसर सुरू होतानाचा हिसका बाटल्यांना पोचतो, त्यामुळे पावसाळ्यात या पद्धतीवर विसंबू नये. काचेच्या बाटल्या, विशेषतः सोड्याच्या, कधीही ठेवू नयेत. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि काच फुटते.

बर्फाशिवाय: सोडियम ॲसिटेट

अतिशीतन पाण्यापुरतेच नाही. सोडियम ॲसिटेटचे स्फटिक ५८ अंशांना वितळतात, आणि त्यांचा रस बीज न मिळाल्यास मे महिन्यातल्या ३२ अंशांच्या उकाड्यातही द्रवरूप राहतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने तो उकाडाही गोठणबिंदूच्या २६ अंश खाली असतो. ज्या घरात फ्रिज नाही तिथे हाच प्रयोग करावा.

सोडियम ॲसिटेट व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांपासून घरीच बनते. चार टक्क्यांचे एक लिटर पांढरे व्हिनेगर मोठ्या स्टीलच्या पातेल्यात घ्यावे आणि त्यात ५५ ग्रॅम खाण्याचा सोडा चमचा-चमचा करून घालावा. एकदम घातल्यास ते फसफसून ओट्यावर येते. फेस थांबल्यावर मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, ८० ते ९० मिलिलिटर उरेपर्यंत आटवावे. पृष्ठभागावर साय धरल्यासारखा पापुद्रा दिसला की आच बंद करावी, चमचाभर पाणी घालून पापुद्रा विरघळवावा आणि गरम रस स्वच्छ काचेच्या पेल्यात ओतून लगेच झाकावा. पातेल्याच्या कडेला चिकटलेली पांढरी पूड खरवडून वेगळी ठेवावी. तीच आपले बीज. मात्र तिचा एकही कण पेल्याच्या काठावर राहू नये, नाहीतर निवायच्या आतच सगळे थिजते.

पेला पूर्ण निवला की पुडीचा एक कण टाकावा. पांढरा गोळा फुलत जातो आणि पेला हाताला चांगला गरम लागतो. पाण्याच्या नळीत आकड्यावर दिसलेली उष्णता इथे तळहाताला कळते. पेला गरम पाण्यात ठेवून सगळे स्फटिक वितळवले की प्रयोग पुन्हा करता येतो. एक स्फटिक जरी उरला तरी तो निवताना बीज होतो, म्हणून वितळवताना घाई करू नये.

नोंदी आणि आवराआवर

एका नळीवरून निष्कर्ष काढू नये. एकच पाणी, सारख्याच धुतलेल्या नळ्या, तरी एक उणे चारला गोठते आणि दुसरी उणे नऊपर्यंत तग धरते, कारण बीज जमणे हा शक्यतेचा खेळ आहे. निदान दहा नळ्यांची तापमाने वहीत लिहावीत, विहिरीच्या पाण्याच्या दहा आणि डिस्टिल्ड वॉटरच्या दहा शेजारी-शेजारी मांडाव्यात, मगच फरकाबद्दल बोलावे. गोठलेल्या नळीच्या नोंदीपुढे ती कुठून गोठू लागली, हेही लिहावे: वरून सुरू झाली असेल तर हिम पडले, भिंतीवरून असेल तर ओरखडा किंवा फार थंड मिश्रण, आणि तळातून असेल तर बहुधा पाण्यातला कण खाली बसलेला असतो.

उरलेले खारे पाणी कलमांच्या मुळाशी किंवा विहिरीच्या काठाला ओतू नये. ते रुंद प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये दोन बोटे उंचीएवढे भरून गच्चीवर उन्हात ठेवावे. एप्रिलच्या उन्हात काही दिवसांत ट्रेच्या तळाला पुन्हा खडे मीठ धरते. ते गोळा करून, ‘खाण्यासाठी नाही’ अशी चिठ्ठी लावलेल्या बरणीत भरावे आणि पुढच्या वेळी हेच मीठ बर्फाला वापरावे.